रूट हिंट्स जुन्या असल्या तर चालतं, रूटची किल्ली जुनी असली तर नाही

मागच्या आठवड्यात भाईंदर पूर्वेला एका छोट्या केबल-इंटरनेटवाल्याचा डीएनएस सर्व्हर बघायला गेलो होतो. नेट चालू, ग्राहकांची तक्रार नाही. फक्त बाइंडच्या लॉगमध्ये एकच कुरकुर: बी रूटचा पत्ता हिंट्सशी जुळत नाही.

कारण साधं आहे. साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संस्थेने २७ नोव्हेंबर २०२३ रोजी बी रूटचा पत्ता बदलून १७०.२४७.१७०.२ केला. इथली फाइल त्याआधीची.

मग नेट बंद का पडलं नाही? रूट हिंट्स म्हणजे १३ रूट सर्व्हरांची नावं आणि पत्ते. सुरू होताना आपला सर्व्हर त्यातल्या एकाला विचारतो, 'सध्याची यादी काय?' आणि पुढे त्या ताज्या यादीवर चालतो. एखादा पत्ता चुकला तरी भागतं.

मालकांनी विचारलं, "मुंबईतल्या रूट सर्व्हरचा पत्ता टाकला तर फास्ट होईल ना?" नाही. आय रूटची एक प्रत मुंबईत आहे, पण तिला वेगळा पत्ता नाही. जगभरच्या प्रती एकाच पत्त्यावर उत्तर देतात; कुठली गाठायची ते राउटिंग ठरवतं.

म्हणून जुनी फाइल तशीच ठेवू नका. एल रूटने २००७ मध्ये पत्ता बदलला आणि २००८ मध्ये जुन्या पत्त्यावर भलतेच लोक उत्तरं देताना सापडले.

अशा वेळी वाचवते ती डीएनएससेकची सही. आणि खरी घाई तिथेच आहे. ११ ऑक्टोबर २०२६ रोजी रूटची मुख्य किल्ली बदलायची आहे. नवी किल्ली, टॅग ३८६९६, जानेवारी २०२५ पासून रूट झोनमध्ये आहे. जुन्या हिंट्सने लॉग भरतो. पण कॉन्फिगमध्ये जुनीच किल्ली हाताने पक्की केलेली असेल, तर पडताळणी फसेल आणि हळूहळू एकही साइट उघडणार नाही.

तेव्हा एवढं करा. बाइंड अपडेट करा. हिंट्स त्यात आतच येतात, वेगळी फाइल लागत नाही. डीएनएससेक व्हॅलिडेशन 'ऑटो'वर ठेवा. बाइंडला किल्ल्यांच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी आहे ना, ते बघा. मग 'आरएनडीसी मॅनेज्ड-कीज स्टेटस' चालवा आणि ३८६९६ दिसतो का तपासा.

भाईंदरच्या त्या सर्व्हरवर तो दिसला नाही. फोल्डर रीड-ओन्ली होता.