मुनीम बदलला तरी वही राहिली पाहिजे

आपल्या भागात कापडाचा धंदा उधारीवर चालतो, हे व्यापारी बांधवांना नव्याने सांगण्याची गरज नाही. शिरड शहापूरसारख्या गावात लग्नसराईला माल उचलला जातो आणि पैसे येतात ते सोयाबीन निघाल्यावर किंवा वसमतच्या बाजारात हळद विकल्यावर. मधल्या काळात दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये वहीतील एका ओळीखेरीज दुसरे काही नसते. ही वही आता लाल कापडातून निघून मोबाईलमध्ये आणि मोबाईलमधून क्लाउडवर जाऊ लागली आहे. त्यास माझा विरोध नाही. परंतु वही कोठे ठेवली आहे, हे न विचारता ती दुसऱ्याच्या हवाली करण्याची जी घाई चालली आहे, तिच्याविषयी स्वतःच्या अनुभवावरून चार शब्द लिहीत आहे.

२०२३ साली रमजानच्या आधी माझ्या मुलाने दुकानासाठी एक प्रोग्राम तयार केला. सर्व कामे एकाच प्रोग्रामवर न टाकता त्याने ती वेगळी केली. उधारी लिहिणारा एक, साठा पाहणारा दुसरा आणि वसुलीची आठवण पाठवणारा तिसरा. यास मायक्रोसर्व्हिस म्हणतात, असे त्याने सांगितले. मी म्हणालो, म्हणजे तीन गुमास्ते ठेवलेस. तो हसला, पण नाही म्हणाला नाही.

हे गुमास्ते त्याने क्लाउडवर बसवले. क्लाउड म्हणजे आकाशात काही नसते. मोठ्या कंपन्यांच्या इमारतींत हजारो संगणक चालू असतात आणि त्यांतील जागा आपण भाड्याने घेतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये व गूगलने २०१७ मध्ये मुंबईत अशी केंद्रे सुरू केली. २०२२ मध्ये ॲमेझॉनचे हैदराबादेतही केंद्र झाले. आमचे आजोबा मोठ्या कामासाठी हैदराबादकडे पाहत असत. नातवाची वही तेथे जाऊन बसू शकते, ही गंमतच म्हणायची.

तर ईदची विक्री झाली, लग्नसराई झाली, प्रोग्राम उत्तम चालला. बकरी ईदनंतर मुलाने पडद्यावरचे एक चुकलेले मराठी अक्षर दुरुस्त केले आणि प्रोग्राम पुन्हा क्लाउडवर चढवला. सकाळी मी दुकान उघडले तर येणे बाकी शून्य. मुलाने दहा वेळा पाहिले आणि शेवटी म्हणाला, "अब्बा, वही गेली."

दोष क्लाउडचा नव्हता, आमचाच होता. क्लाउडवर प्रोग्राम एका बंद डब्यात चालतो, ज्यास कंटेनर म्हणतात. नवा प्रोग्राम चढवला की नवा डबा येतो आणि जुना टाकून दिला जातो. तशी पद्धतच आहे, आणि तिच्यामुळेच बिघडलेला प्रोग्राम क्षणात बदलता येतो. आमचा उधारीचा डेटाबेस मात्र त्याच डब्यातील एका फाइलमध्ये होता. गुमास्ता तीन महिने स्वतःच्या खिशातील डायरीत लिहीत होता आणि त्याला रजा दिली तेव्हा तो डायरीसकट निघून गेला, असा हा प्रकार.

आमच्या जुन्या मुनीमजींचा मोबाईलवर विश्वास नव्हता. त्यांनी कच्च्या चिठ्ठ्या तारेला टोचून ठेवल्या होत्या. निम्मा हिशेब त्यातून निघाला. उरलेल्यांपैकी बरीच गिऱ्हाइके आपण होऊन आली. एका वृद्ध बाईंनी १,४०० रुपये पुढे ठेवले, जे मला आठवतही नव्हते. जे आले नाहीत त्यांच्याविषयी लिहीत नाही. कदाचित त्यांनाही आठवत नसेल.

त्यानंतर आम्ही वही आणि गुमास्ता वेगळे केले. डेटाबेस स्वतंत्र भाड्याने घेतला. प्रोग्रामजवळ फक्त त्याचा पत्ता आणि किल्ली असते. तीही प्रोग्रामच्या मजकुरात लिहिलेली नसते, क्लाउडच्या गुप्त नोंदीतून दिली जाते. पुष्कळ ठिकाणी पासवर्ड प्रोग्राममध्येच लिहून ठेवतात आणि तो प्रोग्राम चार जणांना वाटतात, म्हणजे तिजोरीची किल्ली दारावर टांगण्यासारखेच झाले.

आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या गावांसाठी महत्त्वाची आहे. नोंद पाठवताना मध्येच नेटवर्क गेले तर मोबाईल तीच नोंद पुन्हा पाठवतो आणि गिऱ्हाइकाच्या नावावर एका साडीच्या दोन साड्या होतात. यात पैसा तर आहेच, पण आब त्याहून मोठी आहे. उपाय सोपा आहे. प्रत्येक नोंदीला मोबाईलमध्येच पावतीसारखा क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर डेटाबेसने तो घेऊ नये. आमच्याकडे आता तसे आहे.

डेटाबेस वेगळा केला म्हणजे काम संपले, असेही नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळून खाक झाले. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांतील अनेकांचे दोन्ही गेले. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या सहा लाखांहून अधिक सभासदांच्या पेन्शन फंडाचा गूगल क्लाउडवरील प्रायव्हेट क्लाउडच चुकीने पुसला गेला. त्या फंडाने दुसऱ्या कंपनीकडेही बॅकअप ठेवले होते आणि पुन्हा उभे राहताना ते कामी आले. एवढ्या मोठ्यांची ही गत, तर आपण कोण?

कायदाही येथे गप्प नाही. जीएसटीची नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवायचा असतो. हिशेब संगणकावर असेल तर अपघातानंतर वाजवी वेळेत तो परत उभा करता येईल असा बॅकअप ठेवावा, असे २०१७ च्या नियमांतील ५७ वा नियम सांगतो. आपल्यापैकी किती जणांनी तो वाचला आहे?

काही वडीलधारे म्हणतात, कागदच बरा. त्यांनी माझ्या गोदामातील वाळवी पाहिलेली नाही. उलट तरुण म्हणतात, सर्व काही कंपनी पाहते. कंपनी संगणक पाहते. तुमची वही तिच्यासाठी हजारो वह्यांपैकी एक आहे आणि भाडे थकले तर तिला कुलूप लागते. म्हणून हिशेबाचा प्रोग्राम विकायला कोणी दुकानात आला, तर चहा अवश्य पाजावा, पण विचारावे की माझी संपूर्ण वही मला हवी तेव्हा एका फाइलमध्ये काढून देता का, आणि उद्या सगळे गेले तर किती तासांत परत उभे कराल. तो सूट-सवलतीकडे विषय वळवू लागला, तर चहापुरताच संबंध ठेवावा.

आमच्याकडे आता रोज रात्री वहीची एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे जाते आणि आठवड्याला एक घरच्या कपाटात येते. महिन्यातून एकदा मुलगा ती प्रत रिकाम्या डेटाबेसमध्ये भरतो आणि येणे बाकीची बेरीज माझ्या कागदाशी ताडून पाहतो. मागच्या महिन्यात १४० रुपयांचा फरक निघाला. तो माझ्या कागदात होता.