मेळावा म्हाताऱ्या पावसात घ्या

या जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर एक साधा वाटणारा विषय आहे : जिल्हा मेळाव्याची तारीख. ठिकाण मंगळवेढे, त्याबद्दल कोणाचे दुमत नाही. तारखेबद्दल मात्र तालुक्यांतून जवळजवळ एकच सूचना आली आहे. मे महिन्याचा दुसरा आठवडा, दुपारी बारा वाजता, उघड्या मैदानावर. कारण नेहमीचेच, की उन्हाळ्यात शेतकरी मोकळा असतो. या सूचनेला आमचा विरोध आहे आणि तो बैठकीआधी छापून सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. चहा येईपर्यंत हात वर करून मंजूर करून टाकण्याइतका हा विषय हलका नाही. मेळाव्याला कोण येऊ शकेल आणि कोण येऊच शकणार नाही, हे तारीख ठरवते.

'उन्हाळ्यात शेतकरी मोकळा असतो' हे वाक्य आम्ही शेतकी महाविद्यालयात होतो तेव्हापासून ऐकत आलो आहोत. विस्तार योजनांच्या कागदांतही तेच असते. ज्याने ते पहिल्यांदा लिहिले त्याने घरातल्या पुरुषाकडे पाहून लिहिले असावे. रब्बीची ज्वारी काढून, मळून, कडब्याची गंज रचून झाली की मंगळवेढ्याच्या काळ्या रानातला कारभारी काही दिवस पारावर सापडतो, हे खरे. पण त्याच्या घरची कारभारीण? विहीर आटलेली, टँकर कधी येईल ठाऊक नाही, आला की हंडे-घागरी घेऊन अर्धी आळी धावणार. टँकरच्या गावातली बाई मे महिन्यात दिवसभरासाठी गाव सोडूच शकत नाही. त्यात लग्नसराई. एस.टी.च्या गाड्या वऱ्हाडासाठी ठरलेल्या, म्हणून नेहमीच्या फेऱ्या कमी. मग उरतो तो वडाप, आणि त्यात दाटीवाटीने बसलेली दहा-पंधरा माणसे. मे महिन्यातला मेळावा म्हणजे पुरुषांचा मेळावा, आणि त्यातही ज्यांना लग्नाची पत्रिका आलेली नाही अशा पुरुषांचा.

आता उन्हाचे पाहू. आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे मध्ये दुपारी चाळीस-बेचाळीस अंश ही रोजची गोष्ट आहे, आणि अधूनमधून पारा त्याहूनही वर जातो. पण हा आकडा कुठला, हे फार थोडे लोक विचारतात. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या पेटीत, म्हणजे सावलीत टांगलेला असतो. तिथे बेचाळीस असले तर टेम्पोच्या हौद्यात, पत्र्याखाली किंवा मैदानावर नुसत्या टोपीने बसलेल्या माणसाला किती सोसावे लागत असेल याचा विचार करावा. शिवाय आपली हवा कोरडी. घाम आला की लगेच वाळतो, त्यामुळे माणसाला बरे वाटते आणि अंगातले पाणी किती गेले ते कळत नाही. तहान उशिरा लागते. म्हातारी माणसे, रक्तदाबाच्या गोळ्या खाणारी माणसे चक्कर येऊन पडतात तेव्हाच इतरांना समजते. उन्हाला आपण सरावलो आहोत, असे आमचे कार्यकर्ते छातीठोकपणे सांगतात. सरावलेला माणूस दुपारी बारा ते चार लिंबाखाली पडून असतो, म्हणून तो सरावलेला. त्याला चार तास मैदानात बसवा आणि मग सांगा.

१६ एप्रिल २०२३ रोजी नव्या मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो माणसे उन्हात बसली होती. उष्माघाताने चौदा जणांचा जीव गेला. ती माणसे कोणाच्या तरी प्रेमाने, श्रद्धेने आली होती, आपली माणसेही तशीच येतात. त्यानंतर उन्हाच्या लाटेत दुपारी बारा ते पाच या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असे राज्य सरकारने जाहीर केले. आपल्याकडे आलेली सूचना नेमकी बारा वाजताची आहे! आणि ऊन उतरून संध्याकाळी सभा घ्यावी म्हटले तर वळवाचा भरवसा नाही. मे महिन्यात चार वाजता आभाळ भरते, वावटळ उठते, विजा पडतात. उघडे मैदान आणि मंडपाचे लोखंडी खांब ही विजेच्या वेळी माणसांनी थांबायची जागा नव्हे.

मग पावसाळा संपल्यावर घेऊ, गणपती झाले की घेऊ, असे काही जण म्हणतील. पुण्या-मुंबईच्या दिनदर्शिकेवरून हे ठीक दिसते. पण आपला पावसाळा तेव्हा संपत नाही. आपला पावसाळा तेव्हा सुरू होतो. हे थोडे खोलात सांगायला हवे.

मृगाचा पाऊस पश्चिमेकडून येतो. ढग सह्याद्रीवर चढतात आणि आपले पाणी तिकडेच रिकामे करतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. आपला जिल्हा पर्जन्यछायेत, बराचसा भाग पाचशे ते सातशे मिलिमीटरच्या पट्ट्यात. इथपर्यंत शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पुढचे मात्र शाळेत सांगत नाहीत. आपल्याकडचा पाऊस दोन उंचवट्यांचा आहे. एक लहान उंचवटा जूनमध्ये, दुसरा मोठा सप्टेंबरमध्ये, आणि मधे जुलै-ऑगस्टमध्ये खोलगट भाग. सप्टेंबरात मोसमी वारे परतायला लागतात, बंगालच्या उपसागरावरून येणारे कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकतात, आणि मग उत्तरा, हस्त आपल्या रानावर गडगडाटासह कोसळतात. म्हणून तर हा रब्बीचा मुलूख. मंगळवेढ्याची मालदांडी, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती या परतीच्या पावसाच्या ओलीवर येते. काळ्या जमिनीने सप्टेंबरात प्यायलेले पाणी ती फेब्रुवारीपर्यंत पुरवून खाते. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून सुरू झाले ते याच कोड्यापायी, की पाऊस कमी आहे हे एक, पण तो जेव्हा हवा तेव्हा पडत नाही हे त्याहून मोठे दुखणे.

जी जमीन पाणी धरते तीच वाट अडवते. हस्ताचा एक चांगला पाऊस झाला की मंगळवेढ्याच्या रानातल्या गाडीवाटा बंद. पायाला शेर-शेर चिखल, बैल घोट्यापर्यंत, मोटारसायकल तर डांबरी रस्ता लागेपर्यंत खांद्यावरच घ्यावी. ओढ्यांचे पूल बुटके. १४ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत पंढरपुरात चंद्रभागेच्या काठी घाटाची भिंत कोसळून सहा माणसे गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने करमाळा, माढा, मोहोळ भागातील गावे पाण्यात गेली. दुष्काळी जिल्हा म्हणून आम्हाला हिणवणाऱ्यांनी आणि दुष्काळी म्हणूनच योजना आखणाऱ्यांनी हे दोन्ही महिने ध्यानात ठेवावेत. आणि पूर नसला तरी वाफसा असतोच. पेरणीजोगा वाफसा चार-सहा दिवस टिकतो. त्या दिवसांत माणूस सख्ख्या मेहुण्याच्या घरी जात नाही, मेळाव्याला काय जाईल!

थंडीचा पर्याय आमचे ज्येष्ठ सहकारी सुचवतात. शेतकरी संघटनेचे चांदवडचे महिला अधिवेशन नोव्हेंबर १९८६ मध्ये भरले होते, ते उदाहरण ते देतात. प्रवासाला थंडीसारखा काळ नाही, हे मान्य. रस्ते कोरडे, दुपार सुखाची, बरोबर एक घोंगडे असले की झाले. पण चांदवडचा भाग मुख्यतः खरिपाचा. तिथे दिवाळीपर्यंत घरात धान्य येते आणि माणूस मोकळा होतो. आपल्याकडे नोव्हेंबरात ज्वारीची कोळपणी, द्राक्षवाल्यांची फळछाटणीनंतरची धावपळ. आणि मुख्य म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या गावात नसतात. मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडची गावे, सांगोल्याचा माणदेशी भाग दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल फेडायला बाहेर पडतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. ज्यांची दैना सर्वांत मोठी तेच हिवाळी मेळाव्यात नसणार. थंडीत मेळावा न घेता आपणच कारखान्यांच्या कोप्यांवर जावे, असे आम्हाला वाटते. तो विषय पुढच्या अंकात सविस्तर मांडू.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, आता उरला तो दोन उंचवट्यांमधला खोलगट भाग. पुनर्वसू तरणा आणि पुष्य म्हातारा, असे आपले वाडवडील म्हणत आले. २० जुलैच्या सुमारास लागणारा हा म्हातारा आपल्याकडे खरेच थकलेला असतो. आभाळ भरलेले, वारा सुटलेला, पण अंगावर येतो तो शिरवा. दिवसात अडीच मिलिमीटर पाऊस झाला तरच वेधशाळा त्याला पावसाचा दिवस म्हणते. जुलैमधले आपले बहुतेक दिवस त्या हिशेबात बसत नाहीत. पारा बत्तीस-तेहतीसच्या आसपास. पिकाला हे दिवस वाईट, माणसाला चालायला याहून चांगले नाहीत. आषाढीची वारी नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी अशी आपल्याच जिल्ह्यातून येते. लाखो माणसे, त्यात साठी-सत्तरीच्या बाया, डोक्यावर तुळस घेऊन चालतात, ती ढगांच्या सावलीत चालतात. पावसाळ्यात लोक निघत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी एकदा वाखरीच्या रस्त्यावर उभे राहावे.

या दिवसांत ऊसतोड मजूर घरी असतो. खोल काळ्या जमिनी रब्बीसाठी पड असतात, कुळवाच्या पाळीखेरीज तिथे काम नसते. हलक्या-मध्यम रानात बाजरी, तूर, उडदाची खुरपणी चालू असते हे खरे, आणि ती बाईच्याच अंगावर असते, हेही खरे. म्हणून मेळावा एका दिवसाचाच हवा, दोन दिवसांचा नको. खरिपाच्या पीकविम्याची मुदत साधारणपणे जुलैअखेर असते. त्या कामासाठी तालुक्याला हेलपाटा पडतोच. शिवाय पाऊस लांबलेला असतो, पिके माना टाकत असतात, माणसाच्या मनात शेतीचाच विचार असतो. तेव्हा बोललेले कानात शिरते. आणि त्या दिवशी पाऊस आलाच तर? तर मेळावा मोडल्याचे दुःख कोणाला होणार आहे? सभापतींनी आभार मानावेत आणि सगळ्यांनी भिजत घरी जावे.

अडचण आहे ती आषाढीच्या गर्दीची. आधी-नंतर आठवडाभर जिल्ह्यातल्या आणि बाहेरच्या एस.टी. पंढरपुराकडे वळवलेल्या असतात, आणि मंगळवेढे तिथून पंचवीस किलोमीटरवर. तेव्हा गोपाळकाल्यानंतर आठ दिवस सोडून, नागपंचमीच्या आत तारीख धरावी. आषाढीच्या आधी अधिक मास आला की आषाढी जुलैअखेर जाते, तेव्हा मेळावा ऑगस्टमध्ये सरकेल. मग आश्लेषात घ्यावा, फरक पडत नाही. मधे दिव्यांची अवस येते. अवसेला कोण घर सोडतो, असे विचारणारे कार्यकर्ते आहेत. त्यांच्यासाठी तो एक दिवस टाळू, वाद घालण्यात वेळ नको.

मंगळवेढ्याला रेल्वे नाही. रेल्वेने येणाऱ्याने पंढरपूर किंवा सोलापूर गाठून पुढे एस.टी. पकडायची. करमाळ्याच्या टोकाच्या माणसाला शंभरावर किलोमीटर पडतात. तेव्हा सभेची वेळ मंचावरच्यांच्या सोयीने न ठरवता मुक्कामी गाडीवरून ठरवावी. रात्री गावात थांबलेली गाडी पहाटे सहाला सुटते. ती धरून दहापर्यंत माणसे पोचतात. साडेदहाला सुरू करून साडेतीनला संपवले तर बाई दिवेलागणीपर्यंत घरी जाते. पाहुणे वक्ते उशिरा आले तर त्यांनी उशिरा बोलू नये, एवढा नियम जरी आपण पाळला तरी खूप झाले. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त निम्मे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासून तिकीटच नाही. पण गाडीच नसेल तर सवलत घेऊन काय करायचे? ज्या गावांची मुक्कामी गाडी बंद झाली आहे त्यांनी तसे लेखी द्यावे. मेळाव्याचा पहिला ठराव तोच ठेवू आणि आगारप्रमुखांना मंचावर बोलावू.

हवामान खात्याचे जिल्ह्यासाठीचे कृषी हवामान पत्रक दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. मेळावा रविवारी धरला तर शुक्रवारचे पत्रक पाहून, नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर शनिवारी सकाळीच तालुक्यांना फोन जावेत. रात्री नको, माणसे दशम्या बांधून बसलेली असतात. पिण्याच्या पाण्याचा टँकर त्या दिवशी मंगळवेढ्याच्या दुष्काळी गावांचा तोडून आणायचा नाही. प्रत्येकाने आपली बाटली भरून आणावी. ही कामे कोणाकडे, ते बैठकीतच नावानिशी ठरवावे आणि येताना प्रत्येक गावाच्या कार्यकर्त्याने आपल्या गावच्या पहिल्या आणि शेवटच्या गाडीची वेळ कागदावर लिहून आणावी.