‘कृपया’वर चालणारा कायदा

लिनक्स कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये फाइलसिस्टीमच्या लॉकिंगचे नियम सांगणारी एक फाइल आहे. कोणते फंक्शन चालू असताना कोणते लॉक आधीच घेतलेले असते, कोणते घ्यायचे नाही, याचे तक्ते तिच्यात आहेत. या फाइलच्या पहिल्याच परिच्छेदात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, हा मजकूर अद्ययावत आहे असे मानले जाते. दोन, यातले काही बदललेत तर कृपया ही फाइलही बदला.

‘मानले जाते’ आणि ‘कृपया’. एखाद्या हाऊसिंग सोसायटीच्या सूचना फलकावर ही भाषा शोभली असती. पण हे नियम पाळणारा कर्नल प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे, बँकांच्या सर्व्हरमध्ये आहे, आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळे संगणक त्याच्यावरच चालत आहेत. तिथला कायदा विनंतीवर सोडलेला आहे.

हा विषय फक्त संगणकवाल्यांचा आहे असे समजून पान उलटू नका. तुम्ही फोनवर फोटो काढता, दुकानदार बिल सेव्ह करतो, दवाखान्यात रुग्णाची नोंद होते, तेव्हा ती माहिती ॲपकडून कर्नलकडे आणि कर्नलमधल्या फाइलसिस्टीमकडून डिस्कवर जाते. ‘जतन झाले’ हा शब्द खरा की खोटा, हे तिथे ठरते. ॲप लिहिणारा माणूस आणि फाइलसिस्टीम लिहिणारा माणूस एकमेकांना कधी भेटत नाहीत. त्यांच्यातला करार म्हणजे डॉक्युमेंटेशन. तो जुना, अपुरा किंवा चुकीचा असेल तर नुकसान तिसऱ्याचेच होते.

पोस्टग्रेस या डेटाबेसचे प्रकरण बघा. लिहिलेली माहिती खरोखर डिस्कवर गेली का, याची खात्री करून घेण्यासाठी ‘एफसिंक’ नावाची हाक कर्नलला मारतात. ती अयशस्वी झाली तर पुन्हा मारायची आणि दुसऱ्यांदा यश आले की काम झाले, असे पोस्टग्रेस वर्षानुवर्षे धरून चालले होते. २०१८ मध्ये उघड झाले की लिनक्सवर हे गृहीतकच चूक आहे. पहिली हाक फसली की कर्नल त्या पानांवरची ‘अजून लिहायचे बाकी’ ही खूण पुसून टाकू शकत होता. मग दुसऱ्या हाकेला लिहिण्यासारखे काही उरत नाही, म्हणून ती यशस्वी ठरते. माहिती गेलेली असते आणि उत्तर मिळते, सगळे ठीक आहे. फ्रीबीएसडीवर हीच हाक वेगळी वागत होती. शेवटी पोस्टग्रेसने २०१९ च्या फेब्रुवारीत आपले वागणे बदलले. एफसिंक फसले की सर्व्हर सरळ बंद पाडायचा आणि आपल्या लॉगमधून माहिती पुन्हा उभी करायची.

आता प्रश्न असा की चूक कोणाची? डेटाबेसवाले म्हणाले, आम्हाला हे कोणी सांगितले होते? कर्नलवाल्यांचे म्हणणे, आम्ही असे वचन कधी दिले होते? दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते, आणि तेच या प्रकरणातले दुखणे आहे. लिहिताना आलेली चूक ज्याला कळायला हवी त्याच्यापर्यंत पोचावी, यासाठी जेफ लेटन यांनी २०१७ मध्ये, ४.१३ या आवृत्तीत, नवी यंत्रणा आणली आणि फाइलसिस्टीम लिहिणाऱ्यांसाठी कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये तिची माहितीही घातली. म्हणजे लिहिणारा माणूस असला की लिहिले जाते. तोवर मात्र ही गोष्ट मोजक्या लोकांच्या डोक्यात होती.

त्याच्याही आधी, २००९ मध्ये, असाच तमाशा झाला होता. ईएक्सटी४ ही फाइलसिस्टीम नुकतीच वापरात येत होती. संगणक अचानक बंद पडला की काही लोकांच्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या होऊन बसू लागल्या. जुनी ईएक्सटी३ साधारण दर पाच सेकंदांनी माहिती डिस्कवर ढकलत असे आणि ॲप लिहिणारे त्या सवयीला नियम समजून बसले होते. नव्या फाइलसिस्टीमने, वेग वाढावा म्हणून, डिस्कवरची जागा ठरवणेच लांबणीवर टाकले. प्रमाणित नियमांप्रमाणे ती चूक नव्हती. मेन्टेनर थिओडोर त्सो यांनी तसे समजावूनही सांगितले, आणि शेवटी नेहमीच्या वापरातल्या काही पद्धतींसाठी खास सोय करून दिली. सवय कोणती आणि वचन कोणते, हे आधी स्वच्छ लिहिलेले असते तर हा वाद एवढा पेटला नसता.

या सगळ्यावर कर्नलच्या दुनियेत एक ठरलेले उत्तर मिळते. ‘कोड हेच डॉक्युमेंटेशन. कोड वाचा.’ हे वाक्य ऐकायला मर्दानी आहे, पण पोकळ आहे. कोड आज काय घडते ते सांगतो. त्यातले काय उद्याही घडेल आणि काय योगायोगाने घडते आहे, हे तो सांगत नाही. पाच फाइलसिस्टीम एकाच हाकेला पाच तऱ्हांनी वागत असतील तर त्यातला बग कोणता, हे पाचही कोड पाठ करून कळणार नाही. त्यासाठी कोडच्या बाहेर कुठेतरी लिहिलेले असावे लागते की योग्य वागणे हे आहे.

दुसरे उत्तर असे की डॉक्युमेंटेशन शिळे होतेच, मग कष्ट कशाला? शिळे होते, कारण ते मागाहून कोणीतरी करायचे काम समजले जाते. त्याच कर्नलमध्ये ‘पोर्टिंग’ नावाची फाइल आहे. फाइलसिस्टीमचा अंतर्गत नियम बदलला की तिथे नोंद होते: हे बदलले, तुमच्या कोडमध्ये असे करा. नोंदीवर शिक्काही असतो, अनिवार्य किंवा शिफारस. कर्नलच्या बाहेर फाइलसिस्टीम सांभाळणाऱ्याला ती ओळ दिवसभराचा शोध वाचवते. कोडमधल्या टिप्पण्यांमधून डॉक्युमेंटेशन तयार करणारे साधनही कर्नलजवळ आहे. फंक्शनला नवा पॅरामीटर आला आणि टिप्पणीत तो नसला की ते इशारा देते. म्हणजे उपाय घरातच आहेत. त्यांची सक्ती नाही एवढेच.

आणि सक्ती नसली की काय होते? आयओमॅप हा फाइलसिस्टीम आणि डिस्क यांच्यामधला महत्त्वाचा थर २०१६ मध्ये कर्नलमध्ये आला. त्याची रचना आणि जुनी फाइलसिस्टीम त्याच्यावर कशी आणायची, हे समजावणारे सविस्तर डॉक्युमेंटेशन डॅरिक वाँग यांनी लिहिले ते २०२४ मध्ये. आठ वर्षे! मधल्या काळात ज्यांना गरज पडली त्यांनी एक्सएफएसचा कोड उकलत बसायचे किंवा जाणकाराला विचारायचे. माउंट करण्याच्या नव्या सिस्टीम कॉल २०१९ मध्ये ५.२ या आवृत्तीत आल्या. त्यांची मॅन पेजेस अधिकृत संग्रहात यायलाही कित्येक वर्षे गेली.

‘जाणकाराला विचारा’ ही सोयही सगळ्यांसाठी सारखी नाही. फाइलसिस्टीमवाल्यांची महत्त्वाची वार्षिक बैठक निमंत्रितांचीच असते. ज्याला तिथे खुर्ची आहे, ज्याचे मेल वाचले जातात, त्याला उत्तर मिळते. सोलापूर किंवा अमरावतीच्या कॉलेजात स्वतःच्या बळावर कर्नल वाचणाऱ्या पोरीला ते मिळत नाही. ज्ञान तोंडी ठेवले की ते आपोआप मूठभरांचे होते, आणि त्यासाठी कोणी दुष्ट असावे लागत नाही. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या हेच झाले आहे, तेव्हा आपल्याला तरी हे वेगळे समजावून सांगायला नको.

२०२४ च्या मे महिन्यातल्या त्या बैठकीत रस्ट भाषेवरून खडाजंगी झाली. वरवर भांडण भाषेचे होते, पण उदाहरण बोलके होते. इनोड मिळवण्याचे एक फंक्शन कधी कॅशमधला तयार इनोड देते, तर कधी नवा कोरा. कोरा असेल तर तो भरून त्याचे लॉक सोडण्याची जबाबदारी मागणाऱ्याची. सी भाषेत दोन्ही एकसारखेच दिसतात, फरक लक्षात ठेवायचा. रस्टवाल्यांना तोच फरक टाइपमध्ये बांधायचा होता, म्हणजे विसरणारा कंपाइलरपाशीच अडेल. जुन्या मेन्टेनरांची काळजीही खोटी नव्हती: उद्या आम्ही सीमधला नियम बदलला तर तुमचा कोड कोण दुरुस्त करणार? पण नियम नेमका काय, हे आधीच काटेकोर लिहिलेले असते तर चर्चा तिथून सुरू झाली असती. त्या बैठकीत बाजू मांडणारे वेडसन आल्मेडा फिल्यो यांनी ऑगस्टमध्ये, तंत्राशी संबंध नसलेल्या कटकटींना कंटाळून, तो प्रकल्पच सोडला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लिनक्स मॅन पेजेसचे मेन्टेनर आलेहांद्रो कोलोमार यांनी, पैशांचे पाठबळ नाही म्हणून, काम थांबवत असल्याचे जाहीर केले. पुढे प्रायोजक मिळाले ही चांगली गोष्ट. पण जिच्यावर अब्जावधी डॉलरच्या कंपन्या उभ्या आहेत त्या प्रणालीचे नियम लिहून ठेवणाऱ्याला झोळी पसरावी लागावी? ‘स्वयंसेवक बिचारे किती करणार’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. कर्नलचा बहुतांश कोड आज कंपन्यांच्या पगारावर लिहिला जातो. कोडला पगार आणि डॉक्युमेंटेशनला आभार, हा कंपन्यांनी केलेला हिशेब आहे.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. फाइलसिस्टीमचे वागणे किंवा लॉकिंगचा नियम बदलणारा पॅच त्याच मालिकेत डॉक्युमेंटेशन बदलत नसेल तर तो परत पाठवावा, कितीही मोठ्या माणसाचा असला तरी. डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याच्या कामाची मोजणी बढतीच्या वेळी कोडइतकीच व्हावी. आणि जे नियम फक्त बैठकीत बोलले गेले ते लिहिले जाईपर्यंत नियम मानू नयेत.

आपल्याकडेही यात करण्यासारखे आहे. पुण्यात स्टोरेज आणि फाइलसिस्टीमवर काम करणारे इंजिनिअर दोन दशकांहून जास्त काळ आहेत. व्हेरिटाससारख्या कंपन्यांत हा विषय कोळून प्यायलेली माणसे तयार झाली. नवख्या मुलांना मात्र सल्ला मिळतो: डॉक्युमेंटेशनमधले एक स्पेलिंग दुरुस्त कर, कर्नलमध्ये नाव लागेल, बायोडेटात टाक. या सल्ल्याने ना मुलगा शिकतो, ना फाइल सुधारते. त्याऐवजी व्हीएफएसच्या फाइलमधले एक फंक्शन घ्या. कोड वाचा, ते खरोखर तसे वागते का हे चाचणी लिहून तपासा, आणि तफावत सापडली तर पॅच पाठवा. महिना जाईल, पण त्या फंक्शनबद्दल तुम्ही कोणाच्याही समोर उभे राहून बोलू शकाल. भाषांतराची हौस असणाऱ्यांनाही हेच सांगेन. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनची चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश भाषांतरे कर्नलसोबतच मिळतात. मराठीत जरूर आणा, पण आधी मूळ मजकूर खरा आहे का ते पाहा. शिळ्या मजकुराचे भाषांतर वाचकाला दुप्पट फसवते.

त्या लॉकिंगच्या फाइलमधला ‘कृपया’ कोणीतरी कळवळून लिहिला असणार. तो आता काढून टाकावा आणि तिथे ‘अनिवार्य’ लिहावे.