अंगणातला किल्ला

वसुबारसेला मी कोरेगावी पोहोचलो, तेव्हा नातू कोपरापर्यंत चिखलात होता. अंगणाच्या पार टोकाला किल्ला चालला होता. मला पाहताच त्याने विचारले, "आजोबा, जरंडेश्वराचा डोंगरही असाच माती रचून झाला का हो?"

"छे रे! जमिनीला घडी पडून तो वर आला," मी थाटात सांगितले. सूनबाई चिरोटे लाटत होती. पुरावा म्हणून तेही दाखवले.

संध्याकाळी ओट्यावर बसून डोंगराकडे नीट पाहिले आणि माझी मलाच लाज वाटली. घडी होती कुठे? एकावर एक आडवे थर, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. त्याचेच हे काळे पठार झाले. पुढे पावसाने आणि कृष्णा-वसनेसारख्या नद्यांनी त्यात खोरी कोरली. कोरायचे राहून गेले, त्याला आपण डोंगर म्हणतो.

घडीचा डोंगर म्हणजे हिमालय. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी आशियाला जाऊन भिडली आणि मधल्या समुद्राचा तळ चेपून वर उचलला गेला. आमच्या देवघरातला शाळिग्राम त्याचा साक्षीदार. गंडकीच्या पात्रात सापडणारा हा दगड म्हणजे प्राचीन समुद्रातल्या शंखवासी जीवाचा अवशेष!

पण खडक वाकतो तरी कसा? खोल जमिनीत, उष्णतेत आणि दाबाखाली लाखो वर्षे सावकाश रेटला, की तो कणकेसारखा वाकतो. वरच्या थंड थरात ताण असह्य झाला, की मात्र तुटतो.

ते तुटणे माझ्या आईला चांगले ठाऊक आहे. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे. कोयनेच्या परिसरात जमिनीखालचा खडक तडकून सरकला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. इकडे आमच्या अंगणाकडच्या भिंतीला भेग पडली. आईने मला पांघरुणासकट उचलून बाहेर आणले. तेव्हापासून त्या भिंतीशी ती कुणाला किल्ला करू देत नाही.

"अगं आई, भेग कधीच बुजवली ना!" मी दरवर्षी म्हणतो.

"वरून बुजवलीस. आत काय चाललंय, तुला दिसतंय का?"

पूर्वी मी हसत असे. पण कोयनेकडे लहानमोठे धक्के अजून बसतात. आता हसत नाही.

दुसऱ्या दिवशी नातवाला कालची चूक कबूल करून खरे उत्तर दिले. तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "म्हणजे रचायचा नाही, कोरायचा!"

आईने स्वतः तांब्याभर पाणी आणून त्याच्या हाती दिले. "ओत सावकाश," ती म्हणाली, "पण भिंतीपासून लांबच हं!"