खालची खोली: आधी कोरडी, मग देखणी

कोकणात उतारावरच्या घरांची खालची खोली अर्धी जमिनीत असते. मागच्या भिंतीला माती टेकलेली असते. अब्बा-अम्मींना जिना चढवेना, की हीच खोली राहण्याजोगी करायचे ठरते. मुलगा आखातातून मे महिन्यात सुट्टीवर येतो, तेव्हा भिंत कोरडी दिसते. पीव्हीसी पॅनेल, पीओपीचे छत, नवा पलंग, सारे पंधरा दिवसांत होते. जुलैत पॅनेलमागून कुबट वास येतो आणि दम्याच्या माणसाचा खोकला थांबत नाही. पॅनेलने ओल झाकली जाते, हटत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे, की भिंतीची परीक्षा पावसाळ्यातच घ्यावी. ऑगस्टमध्ये ओल जिथवर चढते तिथे पेन्सिलीने खूण करून फोटो काढावा आणि मुलाला पाठवावा. मग भिंतीचा एक भाग पुसून त्यावर हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावे. 2 दिवसांनी थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीकडे दिसले तर पाणी भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला दिसले तर हवेतला दमटपणा थंड पृष्ठभागावर जमतो.

पाणी भिंतीतून येत असेल तर काम बाहेरून सुरू करावे. जांभा दगड पाणी शोषतो. छपराचे पाणी पन्हळीने दूर सोडावे, अंगणाचा उतार घरापासून बाहेर ठेवावा. भिंतीमागे चर खणून खडी भरता येते. पण पायाजवळ खणण्याआधी जाणकार गवंड्याला किंवा इंजिनिअरला दाखवावे. वुजूची जागा किंवा न्हाणीचा पाइप त्याच भिंतीला असेल तर गळतीही तपासावी. नुसता आतून वॉटरप्रूफ रंग लावला तर मागे पाणी साचून त्याचे पापुद्रे सुटतात.

दोष हवेतल्या दमटपणाचा असेल तर ओले कपडे आत वाळवू नयेत, एक्झॉस्ट पंखा बसवावा, पाऊस उघडल्यावर खिडक्या उघडाव्यात. भिंत पूर्ण कोरडी असेल तरच तिला फोमचे बोर्ड फट न ठेवता चिकटवून वर पॅनेल लावावे. काचलोकर ओल धरते, ती अशा भिंतीला नको. पलंग आणि किताबांचे कपाट भिंतीपासून चार बोटे दूर असावे.

परदेशात राबून कमावलेला पैसा दरवर्षी त्याच भिंतीत मुरू नये. या सुट्टीत पन्हळ आणि चर करावा, एक पावसाळा पाहावा. पेन्सिलीच्या खुणेखालीही भिंत पूर्ण कोरडी राहिली, तर पुढच्या सुट्टीत खुशाल सजावट करावी.