गुप्त पोथ्यांचा ग्रंथपाल

काशीयात्रा करून आलेल्या माणसाला, काय काय पाहिलेत, म्हणून विचारा. विश्वनाथ, अन्नपूर्णा, काळभैरव, दशाश्वमेध घाटावरची आरती, नावेतून पंचगंगा घाट आणि लेकीसुनांसाठी बनारसी शालूंची खरेदी. जगतगंजचे नाव या यादीत बहुधा नसते. तिथे संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठाच्या आवारात सरस्वती भवन हे ग्रंथालय आहे आणि त्यात सुमारे एक लाख हस्तलिखित पोथ्या आहेत. वेद, व्याकरण, न्याय, ज्योतिष, धर्मशास्त्र आणि तंत्र.

या शेवटच्या शब्दाशी घरातली वडीलधारी मंडळी थबकतात. तांत्रिक म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो स्मशानातला बुवा, लिंबू, कुंकू, भानामती आणि वर्तमानपत्रातली एखादी भयंकर बातमी. मात्र घरातल्या देवीच्या पूजेत गुरुजी हृदयाला, मस्तकाला, शिखेला बोटे लावून जो न्यास करतात तो, हाताच्या मुद्रा, बीजमंत्र, श्रीयंत्र, गुरूने कानात सांगायचा मंत्र हा सारा व्यवहार तंत्राचाच म्हणजे आगमाचा आहे. घराच्या देव्हाऱ्यात बसलेली ही परंपरा आणि नुसत्या नावाने अंगावर काटा आणणारी ती परंपरा यांचा इतिहास एकच आहे. तो शोधण्यासाठी ज्यांनी साठ वर्षे वेचली, ते या सरस्वती भवनाचे ग्रंथपाल होते. त्यांचे नाव महामहोपाध्याय गोपीनाथ कविराज.

बंगालात कविराज म्हणजे वैद्य. हे कविराज वैद्य नव्हते, ते त्यांचे नावच होते. त्यांचा जन्म 7 सप्टेंबर 1887 चा, ढाका जिल्ह्यातल्या धामराई गावचा. हा भाग आज बांगलादेशात आहे. वडील मुलाच्या जन्माआधीच वारलेले. तरुणपणी हिवतापाने पिच्छा पुरवला, तेव्हा कोरड्या हवेसाठी ते थेट जयपूरला शिकायला गेले आणि तिथून 1910 मध्ये काशीला आले. तेव्हाच्या क्वीन्स कॉलेजचे प्राचार्य आर्थर व्हेनिस हे संस्कृत शास्त्रांत मुरलेले इंग्रज गृहस्थ. त्यांच्या हाताखाली एम. ए. झाले. संस्कृतबरोबर पाली, प्राकृत, शिलालेखांची लिपी हेही शिकून झाले. पुढे समाजवादी नेते म्हणून नावाजलेले आचार्य नरेंद्र देव हे त्यांचे सहाध्यायी. या मित्राचा ‘बौद्ध धर्म दर्शन’ हा मोठा ग्रंथ 1956 मध्ये निघाला, तेव्हा त्याची भूमिका कविराजांनी लिहिली.

1914 मध्ये सरस्वती भवनाची नवी इमारत उभी राहिली आणि सत्तावीस वर्षांच्या कविराजांकडे तिचा कारभार आला. चांगल्या पगाराची प्राध्यापकी मिळण्याजोगा हा तरुण पोथ्यांच्या कपाटांमध्ये जाऊन बसला.

ग्रंथपाल म्हणजे पुस्तके देणारा-घेणारा, अशी आपली समजूत. पोथ्यांच्या ग्रंथालयात तेवढ्याने भागत नाही. कापडाच्या बासनात बांधलेली सुटी पाने. पहिले पान गेलेले, शेवटचे वाळवीने खाल्लेले. ग्रंथाचे नाव बहुधा मुखपृष्ठावर नसतेच, कारण मुखपृष्ठच नसते. शेवटी पुष्पिका असली तर तिच्यावरून ग्रंथ, ग्रंथकार, नकलणाऱ्याचे नाव आणि संवत किंवा शक कळतो. ती नसली तर मंगलाचरणात कोणत्या देवतेला आणि कोणत्या गुरूला वंदन केले आहे ते पाहायचे, मध्येच कोणा जुन्या ग्रंथाचा उल्लेख येतो का ते शोधायचे. एका पोथीवर आठवडा जावा आणि सूचीत जेमतेम दोन ओळींची भर पडावी, असे हे काम.

तंत्राच्या पोथ्यांत आणखी एक अडचण. त्या मुळात दाखवायच्या नसतात. जे सांगायचे ते गुरुमुखातून आणि दीक्षा घेतलेल्यालाच, हा तिथला दंडक. मजकूर सांकेतिक, मंत्रातली अक्षरे आडवळणाने सांगितलेली. घराण्यातला जाणता गेला की पुढची पिढी पोथीला हात लावायला घाबरे. जीर्ण पोथी गंगेत सोडण्याची रीत तर होतीच. ज्या विद्येने स्वतःला एवढे लपवले, तिच्याविषयी लोकांनी नको ते समज करून घेतले यात नवल कसले? आणि तो समज खोडून काढायला कागद पुढे ठेवावा, तर कागदच नाहीसे होत चाललेले.

कविराजांनी ते छापायला काढले. ग्रंथालयातर्फे निघणाऱ्या मालेत 1923-24 च्या सुमारास ‘योगिनीहृदय’ हा श्रीविद्येचा ग्रंथ त्यांनी अमृतानंदांच्या टीकेसह संपादून दिला. 1963 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा भास्कररायांची ‘सेतुबंध’ टीकाही जोडली. हे भास्करराय अठराव्या शतकातले, महाराष्ट्रीय घराण्यातले, काशीत शिकलेले आणि अखेर तंजावरच्या मराठी राज्यात स्थायिक झालेले. ललितासहस्रनाम म्हणणाऱ्या अनेकांना त्यावरच्या त्यांच्या भाष्याचे नाव ठाऊक असते.

मराठी वाचकाला याहून जवळची गोष्ट म्हणजे नाथपंथ. 1925 मध्ये कविराजांनी ‘गोरक्षसिद्धांतसंग्रह’ प्रकाशित केला आणि नाथांच्या इतिहासावर व मतांवर इंग्रजीत लेख लिहिला. नाथ म्हणजे कानफाटे जोगी, एवढीच ओळख असण्याचा तो काळ होता. ज्ञानेश्वरांनी मात्र ज्ञानेश्वरीच्या अखेरीस आपली परंपरा स्वच्छ सांगून ठेवली आहे. मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. सहाव्या अध्यायातले कुंडलिनीचे वर्णन आपण भक्तीने वाचतो, पण ते कोणत्या शाळेतून आले हे सहसा विचारीत नाही. तिकडे दूर काश्मिरात, इसवी सन 1000 च्या सुमारास, अभिनवगुप्ताने ‘तंत्रालोक’ लिहिताना आरंभीच मच्छंद नावाच्या गुरूला वंदन केले आहे. हाच मत्स्येंद्र, असे अभ्यासक मानतात. आळंदी आणि श्रीनगर यांना जोडणारा हा धागा पोथ्यांच्या पानांतून सापडतो.

या संशोधकाचे दुसरे आयुष्यही सांगायला हवे, कारण ते त्यांनी कधी लपवले नाही. 1918 मध्ये त्यांनी स्वामी विशुद्धानंद परमहंस यांची दीक्षा घेतली. हे स्वामी ‘गंधबाबा’ म्हणून प्रसिद्ध होते. भिंगातून सूर्यकिरण रुमालावर पाडून हवा तो सुगंध निर्माण करतात, अशी त्यांची ख्याती. पॉल ब्रंटन या इंग्रज पत्रकाराने 1934 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या भारतभ्रमणाच्या पुस्तकात या भेटीचे वर्णन केले आहे. तिथे दुभाषी म्हणून बसले होते खुद्द संस्कृत कॉलेजचे प्राचार्य. होय, कविराजच. गंगानाथ झा यांच्यानंतर प्राचार्यपद त्यांच्याकडे आले होते.

आता वाचकाच्या मनात प्रश्न येईल. सुगंधाच्या चमत्कारावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाच्या संशोधनावर विश्वास ठेवायचा कसा? प्रश्न रास्त आहे. ते सुगंध कोणत्याही प्रयोगशाळेत सिद्ध झालेले नाहीत. कविराजांनी गुरूविषयी आणि स्वतःच्या साधनेविषयी जे लिहिले, विशेषतः ‘अखंड महायोगा’वरचे लेखन, ते इतिहास म्हणून घेता येणार नाही, ते साधकाचे लेखन आहे. परंपरा सांगते म्हणून एखादी गोष्ट ते कधी कधी तशीच पुढे ठेवतात, तिथेही जपूनच वाचावे लागते. मात्र सूची करायला बसलेले कविराज वेगळे दिसतात. तिथे ग्रंथाचे नाव, कर्ता, विषय, पोथी कोठे आहे, अन्य कोणी तिचा उल्लेख केला आहे, एवढेच. आपल्या पंथाच्या ग्रंथाला जागा जास्त आणि दुसऱ्याच्या ग्रंथाला कमी, असे नाही. शैव, शाक्त, वैष्णव, बौद्ध सगळ्यांकडे त्यांचे सारखेच लक्ष. उलट, आतल्या माणसाला सांकेतिक भाषेचा जो अर्थ लागतो तो बाहेरच्याला लागला नसता, हेही खरे.

1937 मध्ये, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. त्याच वर्षी गुरू गेले. पुढची एकोणचाळीस वर्षे ते काशीतच राहिले. जिज्ञासू येत, आपापली शंका मांडत. मानसन्मान मागून आले. 1934 मध्ये महामहोपाध्याय ही पदवी मिळालेली होतीच. 1964 मध्ये पद्मविभूषण आणि ‘तांत्रिक वाङ्मय में शाक्तदृष्टि’ या ग्रंथाला साहित्य अकादमी पुरस्कार. काशीच्या पंडितांचा इतिहासही त्यांनी लिहिला. काशीच्या त्या पंडितपरंपरेत पैठणहून आलेल्या भट्ट घराण्याचे स्थान मोठे. शिवरायांच्या राज्याभिषेकाचे गागाभट्ट त्याच घराण्यातले.

1964 मध्ये संस्कृत विद्यापीठात योगतंत्र विभाग निघाला आणि सत्त्याहत्तर वर्षांचे कविराज त्याचे प्रमुख झाले. या वयात त्यांनी हाती घेतलेले काम विलक्षण होते. जे आगमग्रंथ कायमचे नष्ट झाले आहेत, त्यांचे काय करायचे? समजा, आजीची पाककृतींची वही हरवली. पण मावशीच्या एका पत्रात त्यातली अनारशांची कृती उतरवलेली आहे, आत्याच्या वहीत पुरणाचे प्रमाण आहे, कोणा शेजारणीने लोणच्याचा मसाला टिपून घेतला आहे. हे सगळे गोळा केले तर वही परत येणार नाही, पण वहीत काय होते ते कळेल. जुन्या टीकाकारांनी आपल्या ग्रंथांत जी वचने नाव घेऊन उद्धृत केली होती, ती कविराजांनी वेचून वेचून त्या त्या हरवलेल्या ग्रंथाच्या नावाखाली लावली. 1970 मध्ये ‘लुप्तागमसंग्रह’ या नावाने पहिला भाग निघाला. दोन वर्षांनी, 1972 मध्ये, लखनौच्या हिंदी समितीने त्यांची ‘तांत्रिक साहित्य’ ही विस्तृत ग्रंथसूची काढली. तेव्हा त्यांचे वय पंच्याऐंशीच्या घरात होते.

अखेरची वर्षे ते भदैनीला आनंदमयी मांच्या आश्रमात राहत. 12 जून 1976 रोजी काशीतच त्यांचा देहान्त झाला. 1988 मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. आणि त्याआधी, 1983 मध्ये, व्रजवल्लभ द्विवेदी यांनी संपादित केलेला ‘लुप्तागमसंग्रहा’चा दुसरा भाग छापून आला होता.