आजीचा तवा

“मुद्द्याचं बोला” म्हणणाऱ्या माणसांवर माझा फार जुना राग आहे. ही मंडळी लग्नाला थेट पंगतीच्या वेळी येतात आणि कीर्तनाला पूर्वरंग उरकल्यावर. हल्ली त्यांची दृष्ट व्हिडिओ गेमला लागली आहे. राक्षस, तलवारी आणि जादूटोणा असलेल्या मोठ्या कथाखेळांत मूळ मोहिमेखेरीज वाटेतला कुणीही गावकरी नायकाला आपलं काम सांगतो. त्याला साइड क्वेस्ट म्हणतात. आपण आडकाम म्हणू. यावर यांचा आक्षेप असा, की राज्य बुडायला आलंय आणि हा हिरो लोकांची कामं काय करत बसलाय?

अहो, तेवढ्यासाठीच तर खेळायचं! ‘द विचर 3’ हा 2015 साली आलेला पोलंडचा खेळ घ्या. नायक गेराल्ट आपल्या जिवलग बाईच्या शोधात निघालाय. वाटेत एक म्हातारी म्हणते, माझा तवा तेवढा आणून दे. तवा बंद झोपडीत. दार फोडावं, तर आत प्रेत, आणि तव्याची काजळी खरवडून कुणीतरी शाई केलेली! म्हातारीला त्याचं काय? तिला तव्याशी मतलब. राक्षस मारणाऱ्यालाही जिथे कुणी तवा आणायला पिटाळतं, ते जग मला खरं वाटतं.

व्यासांनी वेगळं काय केलं? वनपर्वात राज्य गेलेलं, बारा वर्षांचा वनवास चालू, आणि भीम निघाला द्रौपदीसाठी सौगंधिक फुलं आणायला! वाटेत म्हातारं वानर आडवं पडलेलं. त्याची शेपूट काही भीमाला हलेना. ते निघाले मारुतराय, आणि त्यांनी शब्द दिला की युद्धात अर्जुनाच्या ध्वजावर बसून गर्जना करीन. म्हणजे फुलांचं आडकाम थेट कुरुक्षेत्राच्या खात्यात जमा झालं. आमच्या जिल्ह्यात, नेवाशाला, 1290 साली ज्ञानेश्वरांनी गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या. तिथे कुणी “मुद्द्याचं बोला” म्हणाला असता तर?

आता गेम करणाऱ्यांनाही सुनावतो. “दहा लांडग्यांची कातडी आण.” आणली, की “आता वीस आण.” ही कथा नव्हे, ही आमच्या काउंटरवरची कागदपत्रं! दोन फोटो, आधारची झेरॉक्स, तिच्यावर सही, सही जुळत नाही, उद्या या. हे मी दिवसभर पगार घेऊन लोकांकडून करवून घेतो. रात्री पदरचे पैसे घालून स्वतः कशाला करू? शंभर तासांचा खेळ अशी जाहिरात करता यावी म्हणून घातलेलं हे पाणी आहे. दुधाला लॅक्टोमीटर लावतात, तसा खेळालाही लावायला हवा.

कसोटी सोपी आहे. सांगणाऱ्याची गड्याची गरज खरी हवी, वाटेत न ठरवलेलं काही भेटायला हवं, आणि परत आल्यावर त्या गावानं आपल्याला ओळखायला हवं. काल कातडी घेणारा आज पुन्हा तेच वाक्य बोलला, की खुशाल खेळ बंद करावा.

नोव्हेंबरात आमच्याकडे पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला येतात. मुद्दा एवढाच, की मी जिवंत आहे. अंगठा टेकवला की काम झालं. पण आजोबा विहिरीला लागलेल्या पाण्याचं सांगू लागतात आणि मागची रांग ओरडते, “मुद्द्याचं बोला!” मला विचाराल, तर हयातीचा पुरावा अंगठ्यापेक्षा त्या विहिरीत जास्त आहे. ज्यांना घाई आहे, त्यांनी बाहेरच्या एटीएमशी बोलावं. ते फक्त मुद्द्याचंच बोलतं.